एका चिमटीला चाळीस मेंढरं

ज्ञानेश्वरीनं त्या रविवारी तोंड उघडलं नसतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. हे तिला स्वतःला मान्य होतं, आणि म्हणूनच तिचा संताप दुप्पट होता. दुसऱ्यावर चिडलेला माणूस भांडून मोकळा होतो. स्वतःवर चिडलेल्यानं जावं कुठं?

झालं असं. तिचे वडील मल्हारी, सोयगावकडचे मेंढपाळ, वय अडुसष्ट. दोन वर्षांपूर्वी मांडीत गाठ निघाली, ती कापली. कापली तर कापली, दीड वर्षानं तीच गाठ फुप्फुसात उगवली. मग लेकीनं त्यांना आणि आईला शहरात, पुंडलिकनगरातल्या आपल्या फ्लॅटवर आणून ठेवलं. केमोच्या लाल औषधाचे सहा डोस झाले. मल्हारींचे केस गेले, मिशा गेल्या, नखं काळी पडली, आणि स्कॅन काढला तर गाठी मजेत, चांगल्या पोसलेल्या. डॉक्टर अभय म्हणाले, आता एकच चांगलं औषध हातात आहे. छातीत कातडीखाली बसवलेल्या पोर्टमधून, म्हणजे शिरेला जोडलेल्या डबीतून, छोट्या पंपानं, चोवीस तास हळूहळू द्यायचं. गुरुवारी सकाळी नऊला या. उशीर परवडणारा नाही.

औषधाचं नाव ऐकून ज्ञानेश्वरी खुर्चीतून उठायचीच बाकी राहिली. ती फार्मसी कॉलेजात शिकवायची, आणि एम.फार्म.चा तिचा प्रबंधच समुद्री प्राण्यांपासून मिळणाऱ्या कॅन्सरच्या औषधांवर होता. तेव्हा सगळ्या पाहुण्यांनी तिची टर उडवली होती. समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर, आणि धनगराची पोर स्पंज आणि समुद्री गोगलगायी वाचत बसलीय! सख्खा भाऊ साहेबराव तर म्हणाला होता, "जायकवाडीत काय सापडंल ते बघ, निदान कालवण तरी व्हईल." आणि आता तिच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातलं औषध तिच्याच बापाच्या अंगात जाणार होतं. एवढा आनंद माणसाच्या पोटात मावतो होय?

रविवारी दुपारी मल्हारी पलंगावर पडले होते, आई बानाबाई मेथी निवडत होती, आणि ज्ञानेश्वरी सुरू झाली.

"आबा, समुद्रात एक प्राणी असतो. खाडीतल्या झाडांच्या मुळांना चिकटून राहतो. नारिंगी रंगाचा, द्राक्षाच्या घडासारखा. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. म्हणून तो अंगात विष बाळगतो. आणि तेच विष तुमच्या गाठींना मारणार!"

"बरं," मल्हारी म्हणाले.

इथं थांबावं की नाही? पण मास्तरणीला फळा दिसला की खडू सुटत नाही. "आणि सोपं नव्हतं बरं का! आधी एक ग्रॅम औषधासाठी एक टन प्राणी गोळा करायला लागायचे. एक टन!"

"टन म्हंजी?"

"हजार किलो."

मल्हारींनी डोळे मिटले. त्यांची बोटं घोंगडीवर हलली. आयुष्यभर कळप नजरेनं मोजलेला माणूस. त्यांना कॅल्क्युलेटर लागत नसे. "पंचवीस किलोचं एक धरलं तर चाळीस मेंढरं," ते म्हणाले. "एका चिमटीला चाळीस मेंढरं." त्यांनी कूस बदलली, भिंतीकडं तोंड केलं. "मला नाय घ्यायचं."

बानाबाईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. तिनं लेकीकडं अशी नजर टाकली की ज्ञानेश्वरीला आपण काहीतरी सांडल्यासारखं वाटलं.

आबा मटण खात नाहीत, हे ज्ञानेश्वरीला कळत्या वयापासून माहीत होतं. धनगराच्या घरात मटण न खाणारा माणूस म्हणजे नवलच. पण घरात रोज दिसणाऱ्या गोष्टीचं कुणाला नवल वाटत नाही. 'आबांची बोली आहे' एवढं म्हणायचे. देवाशी काहीतरी बोललेत, पाळतात. कशासाठी, कधी, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिला स्वतःला मटण जीव की प्राण. दर रविवारी नवरा अजिनाथ वाळूजच्या कारखान्यातून सुटी असली की पिशवी घेऊन निघायचा, आणि नळीचं हाड ज्ञानेश्वरीचं, यावर घरात वाद नव्हता.

सोमवारी कॉलेजातून आल्या आल्या तिनं पदर खोचला.

"आबा, ते मेंढरासारखं जनावर नाही हो. एका जागी चिकटलेलं असतं. पाणी आत घेतं, बाहेर सोडतं, बस."

"काळीज असतं का त्याला?"

आता खोटं बोलावं, तर विषय तिचा स्वतःचा. जीभच वळेना. "असतं. म्हणजे... गंमत अशी की थोडा वेळ ते रक्त एका बाजूला ढकलतं, मग थांबतं, आणि उलट्या बाजूला ढकलतं."

"काळीज हाय म्हणतीस, रगत हाय म्हणतीस, आन् वर जनावर नाय म्हणतीस?"

"आहे, पण... अहो, लहान असताना त्याला शेपूट असते, मेंदू असतो, पोहत असतं. मग एकदा जागा सापडली की चिकटतं, आणि शेपूट, मेंदू सगळं जिरवून टाकतं. मग जन्मभर तिथंच!"

मल्हारी कितीतरी दिवसांनी हसले. "म्हंजी आपला साहेबराव."

बानाबाईनं तोंडाला पदर लावला. ज्ञानेश्वरीलाही हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. मग तिनं शेवटचा बाण काढला. "तुम्ही जन्मभर मेंढरं विकली ना? सोयगावच्या बाजारात? घेणारे काय त्यांची आरती करत होते?"

"विकलं की ते त्याचं," मल्हारी शांतपणे म्हणाले. "माह्या तोंडात नाय, माह्या अंगात नाय. माह्या जिवासाठी जीव घेणार नाय, येवढंच बोललो व्हतो. देवाशी बोलताना मानसानं पाळता येईल तेवढंच बोलावं."

आता या वकिलापुढं काय बोलणार! ज्ञानेश्वरीनं हात टेकले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाच आपटली.

मंगळवारी तिनं गाढवपणा केला. दुसरा शब्दच नाही त्याला. पोर्ट धुवून घ्यायला आबांना हॉस्पिटलात नेलं, तेव्हा तिथल्या मोनाली सिस्टरला तिनं बाजूला घेतलं. "तुम्ही जरा सांगा ना, की हे औषध झाडपाल्याचं आहे. माझं ऐकत नाहीत."

मोनाली गुणाची पोरगी. तिनं अगदी गोड आवाजात सांगितलं, "बाबा, नवीन औषध एकदम आयुर्वेदिक आहे बरं का. झाडाच्या मुळीचं."

मल्हारींनी तिच्याकडं पाहिलं, मग दारात भिंतीला टेकून उभ्या लेकीकडं पाहिलं. "तुला कोण सांगायला लावलं ते दिसतंय मला," ते सिस्टरला म्हणाले. "तुह्यावर राग नाय पोरी."

परतताना रिक्षात ते तोंड फिरवून रस्त्याकडं बघत बसले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि खरी गोष्ट, जी तिनं रविवारीच सांगायला हवी होती, ती तिला बुधवारी सांगायचं सुचलं. कमाल आहे की नाही? चार अक्षरं शिकलेल्या माणसाची अक्कल कुठं चरायला जाते देव जाणे. ती पलंगाशेजारी स्टूल ओढून बसली.

"आबा, ऐका. ती टनाची गोष्ट जुनी. आता या औषधासाठी एकही प्राणी मारत नाहीत. परदेशात कारखान्यात मोठाल्या टाक्या असतात. त्यात बारीक जंतू वाढवतात, दुधाला विरजण लावतो ना, तसं. त्यातून एक वस्तू निघते, तिच्यावर रसायनांची क्रिया करतात आणि औषध बनतं. बाटलीत समुद्र नाही, जनावर नाही."

मल्हारींनी सगळं ऐकून घेतलं. "रविवारी जनावर व्हतं," ते म्हणाले. "काल झाडपाला झालं. आज दही. उद्या काय, उसाचा रस?"

"आबा, हे खरंय!"

"मंग काल काय व्हतं?"

तिच्या बॅगेत शोधनिबंध होते, कारखान्याच्या टाक्यांचे फोटो होते, स्वतःचा प्रबंध होता दीडशे पानांचा, आणि एका झाडपाल्यानं त्या सगळ्याची माती केली होती. उद्या सकाळी नऊला पंप लागायचा होता. औषध येऊन हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये बसलं होतं, आणि ज्याच्यासाठी आलं तो माणूस भिंतीकडं तोंड करून बसला होता.

ती तरातरा स्वयंपाकघरात आली. बानाबाई भाकरी थापत होती.

"माय, ह्या माणसाला मरायची हौस आलीय का? स्वतःच्या हट्टापायी..."

"स्वताच्या नाय," बानाबाई म्हणाली.

"मग कुणाच्या?"

बानाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. सांगू की नको, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "तू चार वर्साची व्हतीस. ताप डोक्यात गेला. झटके यायचे, डोळे पांढरे करायचीस. घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. धा दिवस तू आम्हाला वळखलं नाय. सगळे म्हनले, खंडोबाला बकरं बोल. ह्यांनी बोललं बी, बकरं निवडून बाजूला बांधलं बी. आन् मंग काय मनात आलं त्यांच्या, घाटीच्या आवारात झाडाखाली बसले आन् म्हनले, एक जीव घेऊन दुसरा मागू कसा? देवा, माह्या लेकराचा जीव ठेव. आजपासून माह्या जिवासाठी कोनाचा जीव घेणार नाय. तिसऱ्या रोजी तू पानी मागितलंस."

ज्ञानेश्वरीनं ओट्यावर सांडलेलं पीठ हातानं गोळा केलं.

"तीस वर्सं झाली," बानाबाई म्हणाली. "लगीनघरी, जत्रेला, कुठंबी जा, ताटात पिठलं. तुला सांगू दिलं नाय मला. म्हनले, पोरीच्या डोक्यावर वझं कशाला? आता त्यांना भ्या वाटतं, बोली मोडली तर देव दिलेलं माघारी मागंल. मरायचं भ्या नाय त्यांना. तुहं भ्या हाय."

भाकरी फुगली. ज्ञानेश्वरीला काय वाटलं म्हणाल तर आधी रडू आलं, आणि रडू पुरतं यायच्या आत तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तीस वर्षं रविवारच्या रविवार आपण या माणसासमोर बसून नळी फोडली! आणि हा माणूस पिठलं खात, "अजून घे, रस्सा घे" म्हणत बसला!

ती बाहेर आली. मल्हारी तोवर उठून गॅलरीत ऊन उतरताना बघत बसले होते.

"मला घाटीतल्या इंजेक्शनांनी वाचवलं," ती म्हणाली. आवाज चढला होता, शेजारी ऐकतील याची तिला पर्वा नव्हती. "समजलं? डॉक्टरांनी, औषधांनी! देवानं नाही!"

मल्हारींनी आधी आत, स्वयंपाकघराकडं बघितलं. कुणी सांगितलं ते त्यांना कळलं. "औषधानं बी," ते म्हणाले, "आन् त्यानं बी. म्या कुठं औषधाला नाय म्हनलो तवा?"

"मग आता का म्हणता?"

"तवा तुह्या अंगात चाललं व्हतं. आता माह्या अंगात चाललंय." मोठा दम घेतल्याशिवाय त्यांना आता लांब बोलता येत नसे. "माह्यासाठी घेतलं, आन् उद्या तुला काही झालं तर? म्या काय करू मंग? कोनाला तोंड दाखवू?"

एवढा वाद घातला, चार दिवस डोकं फोडलं, आणि शेवटी प्रश्न हा निघाला. याला कुठल्या शोधनिबंधात उत्तर आहे? ज्ञानेश्वरी खाली फरशीवरच बसली, त्यांच्या पायाशी. राग गेला नव्हता; पण भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं.

"मी आता सगळं खरं सांगते," ती म्हणाली. "माझ्या बाजूचं आणि विरुद्धचं पण. आधी जनावरं मेली. खूप मेली. तुम्ही म्हणता तशी, चिमटीला चाळीस. ती नसती मेली तर हे औषध माणसाला कळलंच नसतं. पुढं कळलं की विष ते जनावर स्वतः बनवत नसावं, त्याच्या अंगात राहणारे बारीक जंतू बनवत असावेत. आता जनावर लागत नाही, हे पण खरं. झाडपाला खोटं होतं. ते मी बोलायला लावलं, आणि मला त्याची लाज वाटते."

मल्हारींनी मान हलवली. "हे पटतंय," ते म्हणाले. "आधी मेली म्हनलीस, म्हनून पटतंय. पन मेलीच की."

हे असं असतं! खरं बोलावं तर खरं पण आडवं येतं. ती कपाळाला हात लावून बसली, आणि तेवढ्यात दाराच्या कोपऱ्यात तिला त्यांची काठी दिसली. गावाहून येताना आणलेली, वरचं टोक हातानं गुळगुळीत झालेलं. लहानपणी तिनं शंभरदा पाहिलं होतं: आबा आजारी पडले, गावाला गेले, की ही काठी चुलत्याच्या हातात द्यायचे. बोलणं काही नाही. काठी गेली की कळप त्याचा. लांडगा आला, मेंढरू हरवलं, जबाबदारी त्याची. काठी दिलेला माणूस मागं वळून बघायचा नाही.

ती उठली, काठी आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"द्या मला."

"काय?"

"बोली. तुम्ही आजारी आहात. काठी दुसऱ्याकडं द्यायची वेळ झाली. आजपासून मी पाळते. माझ्या जिवासाठी जीव नाही. तुम्ही मोकळे."

मल्हारींनी काठीच्या गुळगुळीत टोकावर हात फिरवला. "तुला देव कुठं मान्य हाय?"

"मान्य नाही. पाळायला काय झालं?"

"रविवारचं मटन सोडशील? नळी?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. "सोडीन."

"बघ," ते म्हणाले. "पाळता येईल तेवढंच बोलावं."

"द्या म्हणते ना काठी!"

त्यांनी काठी दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्या हातात दिली.

गुरुवारी सकाळी सहाला अजिनाथनं गाडी काढली. शहराला लागूनच असलेल्या साताऱ्याच्या खंडोबापुढं एम.फार्म. झालेली बाई काठी हातात धरून उभी राहिली, कपाळभर भंडार, आणि मनात एकच: नऊच्या आत हॉस्पिटल गाठलं पाहिजे. जिच्यावर विश्वास नाही ती बोली तिनं बोलून टाकली. पावणेनऊला मोनाली सिस्टरनं पंप जोडला. मल्हारींनी बाटलीकडं बघून हात जोडले. देवाला जोडले की त्या चाळीस मेंढरांना, ते तिनं विचारलं नाही.

पहिल्या डोसनंतर आठवडाभर उलट्या झाल्या. दुसऱ्याला कमी झाल्या. तिसऱ्यानंतर स्कॅन काढला. डॉक्टर अभय म्हणाले, गाठी कमी झाल्या नाहीत, पण वाढल्याही नाहीत. आहेत तिथं थांबल्या आहेत. औषध चालू ठेवू. आणि वजन घटलंय, बाबांना जरा ताकदीचं खाऊ घाला.

घरी येताना मल्हारी खूश होते. "थांबल्या म्हंजी बसल्या," ते म्हणाले. "कळप बसला की धनगरानं बी बसून घ्यावं." मग घसा साफ केला, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ज्ञाना, एक इचारू? बोली आता तुह्याकडं गेली."

"हो."

"मंग मला... चालतं का आता?"

"काय चालतं?"

"तेच. डॉक्टर बी म्हनले, ताकदीचं."

ज्ञानेश्वरीनं त्यांच्याकडं पाहिलं. तीस वर्षं पिठल्यावर काढलेला माणूस लहान लेकरासारखा डोळे चुकवत होता. बानाबाई मागच्या सीटवर पदरात हसत होती. तर हे असं! हिनं सोडायचं आणि यांनी धरायचं!

"चालतं," ती दात आवळून म्हणाली.

त्या रविवारी अजिनाथनं पिशवी आणली. बानाबाईनं मसाला वाटला, आणि रस्सा ज्ञानेश्वरीनंच केला, कारण तिच्यासारखा घरात कुणाला जमत नव्हता. चव मात्र अजिनाथकडून बघून घ्यावी लागली. वास नाकात शिरला तशी तिनं खिडकी सताड उघडली. अडीच महिने! कॉलेजातल्या एका लग्नात तिनं पनीरकडं बघून अक्षरशः शिव्या घातल्या होत्या.

"मामांना दे आधी," अजिनाथ म्हणाला. मग स्वयंपाकघरात डोकावून हळूच: "अगं, एक फोड खा. मामा बाहेर बसलेत. कोण बघतंय? तुझा तर विश्वास पण नाही."

खरंच होतं. तिचा विश्वास नव्हताच. तिला औषध कसं काम करतं ते ठाऊक होतं. पेशीच्या आत कुठं जाऊन बसतं ते ती वर्गात चित्र काढून शिकवायची. त्यात नळीच्या हाडाचा संबंध कुठंही येत नव्हता. तिनं पळीत नळी घेतली. वाफ येत होती. बाहेरून आबांचा आवाज आला, "आलं का गं?" आणि त्या मागोमाग खोकला, बारीक, कोरडा. एकदा. दोनदा.

ती पळी तोंडाजवळ धरून उभी राहिली.

काही झालं तर?

"मूर्खपणा आहे नुसता," ती मोठ्यानं म्हणाली, अजिनाथला की स्वतःला कुणास ठाऊक. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं मसाल्यावर ढकललं. नळी आबांच्या ताटात वाढली, वर दोन पळ्या रस्सा घातला, आणि ताट बाहेर नेऊन दिलं.

"अजून घ्या," ती म्हणाली. "रस्सा घ्या."